घरात दोष नाही

वरच्या मजल्यावरचा पंखा दुरुस्त करून ती जिना उतरत होती, तोच जळक्या प्लास्टिकचा वास आला. खालच्या दारात एक तरुण उभा होता. हातात काळाठिक्कर पडलेला इस्त्रीचा प्लग, आणि चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा.

"अहो, इथे जवळपास वायरमन कुठे मिळेल?"

"मिळाला की."

त्याने तिच्या मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग तिच्या पिशवीतून डोकावणारी पक्कड त्याला दिसली. "तुम्ही...?"

"का? वायर काय बाई बघून लाजते?"

तो हसला. छान हसला.

"आधी मेन स्विच बंद करा," ती म्हणाली, "मग हसा."

घर त्याच्या आईचं होतं. तो मास्तर. दूरच्या एका बेटावरच्या शाळेत त्याला रुजू व्हायचं होतं, आणि तिथे दुसरा शिक्षक नव्हता. आईच्या गुडघ्यांना बोटीची चढउतार झेपणारी नव्हती, म्हणून ती इथे एकटीच राहणार होती.

"घर एकदा सुरक्षित झालं की निघतो," मास्तर म्हणाला.

तिने घर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सगळे सॉकेट जमिनीलगत, दोनच भोकांचे. त्यांतल्या एकाच्या बोकांडी हीटर, इस्त्री आणि फ्रिज.

"तिसरं भोक नसलं तर काय बिघडतं?" त्याने विचारलं.

ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली. "एका भोकातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. पण कधी इस्त्रीच्या आत तार सुटते आणि पत्र्याला चिकटते. मग वीज वाट शोधते. तिसऱ्या भोकातून जमिनीपर्यंत तार गेलेली असेल, तर ती तिथून निघून जाते. नसेल तर... ज्याने इस्त्री धरलीय, त्याच्या अंगातून."

मास्तर एकदम गंभीर झाला. आतल्या खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिकडे त्याने पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. सॉकेट काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, कमरेइतके वर घ्यायचे, म्हणजे वाकायला नको. हीटरला वेगळी जाड तार. भिंती फोडल्या, घरभर पांढरी धूळ झाली. पाइपातून तार ओवताना एकाने ढकलायची, दुसऱ्याने ओढायची असते. तो एका खोलीत, ती दुसरीत.

"आली का?"

"थांबा... हं, आली."

मधे भिंत होती. तरी त्याने तार ढकलली की तिच्या बोटांना कळायचं.

"तुमच्या केसांत चुना आहे," तो एकदा म्हणाला.

"तुमच्या मिशीत आहे."

"मला मिशी नाही!"

"तेच म्हणतेय. आता आलीय."

काकू दारात उभ्या राहून ऐकायच्या. "भिंती फोडताय की गप्पा मारताय?" असं म्हणायच्या, आणि तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायच्या.

शेवटी तिने मीटरपाशी एक खास स्विच बसवला. घरात कुठे वीज गळू लागली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो. त्यावर तपासणीसाठी एक लहानसं बटण असतं. ते दाबलं की स्विच पडतो आणि वीज जाते, म्हणजे तो जागा आहे हे कळतं. हे तिने दोघांनाही नीट समजावलं.

आणि तेव्हापासून वीज जायला लागली.

मास्तर तिच्या दुकानात धावत यायचा. "पुन्हा गेली हो!" ती यंत्र लावून एकेक तार तपासायची. गळती कुठेच नाही. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. हळूहळू तिला संशय आला, आणि संशयाने ती मनातून मोहरली. बटण दाबतोय हा! मला बोलवायला... ती काही बोलली नाही. केस मात्र नीट विंचरून जायला लागली.

एका सकाळी ती न बोलावताच गेली. दार लोटलेलं होतं. काकू पाटावर चढून, एका हाताने भिंत धरून, बटण दाबत होत्या.

म्हणजे मास्तर नव्हताच.

"काकू... तुम्ही?"

काकू दचकल्या. मग पाटावरच बसल्या. "घर सुरक्षित झालं की तो जाणार. म्हटलं, होऊच नये." त्यांनी तिचा हात धरला. "सांगू नकोस ग. तुला काय मी ओळखत नाही? गप्प राहिलीस तर राहील तो. दोघींचा राहील."

काय हवं होतं तिला याशिवाय?

तेवढ्यात मास्तर आला. "शाळेचा फोन होता," तो म्हणाला. "मुलं रोज धक्क्यावर येऊन बसतात म्हणे. बोट आली की उठून बघतात." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "वीज पुन्हा गेली ना?"

"हो."

"एक सांगू? वीज गेली की मला आनंद व्हायचा. वाटायचं, तूच काहीतरी सैल ठेवून जातेस... माझ्यासाठी."

"मी?" तिला हसू फुटलं, आणि डोळे भरून आले. "आणि माझं नाव बुडवू?"

"दोष आहे म्हण," तो हळूच म्हणाला. "तू म्हणालीस तर थांबतो. खरंच थांबतो. सांग, घर सुरक्षित आहे?"

काकू मान वर करत नव्हत्या. तिला तो धक्का दिसला, उठून बघणारी मुलं दिसली. आपल्या दुकानाची पायरी दिसली. नजर गेलेले वडील तिथे तिची चाहूल घेत बसायचे, त्यांना सोडून तिला कुठे जाता येणार नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "स्विचपाशी एक तार सैल होती. आज सापडली, आवळली. घरात दोष नाही, मास्तर."

तो मान हलवून सामान बांधायला आत गेला.

दोन दिवसांनी दुपारी तो निघाला. गाडी कोपऱ्यावर वळली. काकू पायरीवर बसून डोळे पुसत होत्या. तिच्याशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. ती जायला वळली आणि तिला हुंदका आवरेना.

काकूंनी वर पाहिलं.

"ये," त्या म्हणाल्या, आणि सरकून जागा केली.

ती शेजारी बसली. काकूंनी रुमाल उलटसुलट करून त्याचं एक कोरडं टोक शोधलं, आणि तिच्यापुढे धरलं.