दुसरा पंच

पंच हवा म्हटलं की आमच्याकडची माणसं अशी पांगतात, की विचारू नका. त्या दिवशीही तेच झालं. फाट्यावर आठ-दहा जण बसची वाट पाहत उभे होते. पोलिसांची जीप थांबली, हवालदार उकंडराव उतरले आणि "दोन पंच लागून राह्यले, कोण येते?" असं म्हणेपर्यंत फाट्यावर चहावाला आणि मी, एवढेच उरलो. चहावाल्याने लगेच खाली मान घालून शेगडी पुसायला घेतली.

मी हात वर केला. हो, स्वतःहून! मी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होते, बुलढाण्याला होस्टेलवर राहायचे आणि सुटीला डोणगावला घरी निघाले होते. पोलीस घटनास्थळी काय पाहतात, काय उचलतात, ते सोबत उभं राहून पाहणारा आणि पुढे कोर्टात सांगणारा तिऱ्हाईत माणूस म्हणजे पंच, हे आमच्या सरांनी नुकतंच शिकवलं होतं. शिकलेलं लगेच वापरून पाहायची मला भारी हौस.

दुसरा पंच हवालदारांना पकडूनच आणावा लागला. तो बिचारा रस्त्याच्या कडेने धावत येत होता. केस बारीक कापलेले, पायात बूट, टी-शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"भरतीची तयारी करून राह्यला ना बे?" उकंडराव म्हणाले.

"हाव साहेब. फौजदाराची परीक्षा देऊन राह्यलो."

"मंग बस जीपमंदी. आजपासूनच लाग ड्युटीले."

जीपमध्ये आम्ही मागे समोरासमोर बसलो. ताडपत्रीतून भुरभुर पाऊस आत येत होता. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "तुमाले कसं धरलं?"

"मले नाही धरलं. मी हात वर केला."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "काऊन?"

"कायदा शिकते मी."

"कायदा शिकल्यावर भीती कमी होते म्हणते... आमची त वाढूनच राह्यली."

मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहू लागले, कारण मला हसू आवरेना. त्याचं नाव प्रसेनजित, हे मला पंचनाम्यावर सही करताना कळलं. जीपमधून उतरल्यावर मात्र त्या दिवशी कोणीच हसलं नाही.

घराबाहेर चादरीखाली प्रेरणा होती. माझ्याच वयाची, आदल्या वर्षी लग्न होऊन आलेली. पाणी आणायला गेली आणि विहिरीत पाय घसरला, असं तिचा नवरा गजेंद्र सांगत होता. त्याची आई आणि भाऊ माना डोलावत होते. आम्ही आत गेलो. मधल्या खोलीतली जमीन कोरडी, भेगाळलेली... आणि एका कोपऱ्यात ताजं सारवण. अजून ओलं. शेणाचा वास येत होता.

दारात मढं असताना कोणी घर सारवतं का? मढं उचलून नेल्यावर सारवतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझी आणि प्रसेनजितची नजर एकदमच तिथे गेली. तो खाली वाकला. सारवणाच्या कडेला हिरव्या बांगडीचा तुकडा रुतलेला होता. मग आणखी एक. मग केसांची एक बट. पोलिसांच्या माणसाने सगळं व्हिडिओत घेतलं, चिमट्याने उचललं, आणि आम्ही सह्या केल्या. पहिला पंच मी, दुसरा पंच तो.

प्रेरणाची आई वच्छलाबाई उंबऱ्याशी बसली होती. रडत नव्हती. निघताना तिने माझा हात धरला. "बाई, पाह्यलं ना तुमी? जे पाह्यलं ते सांगजा. जास्तीचं नको."

"सांगू, मावशी," प्रसेनजित म्हणाला. 

त्यानंतर सुटीला घरी जाताना मेहकरच्या बसस्थानकावर तो दिसायचा. त्याची अभ्यासिका तिथून जवळ होती म्हणे. कायद्याच्या शंका विचारायच्या होत्या म्हणे! मीही एक बस सोडायची, कधी दोन.

"अटक करताना कारण सांगा लागते का?"

"सांगाच लागते."

"मंग तू मले दर वेळी या बाकावर अडकवून ठेवते, त्याचं कारण सांग."

"कोणी अडकवलं? जा ना. अभ्यासिका उघडी आहे."

"जातो..." तो म्हणाला आणि बसून राहिला.

एकदा आम्ही लोणारला गेलो. सरोवराच्या काठावरून चालत होतो, खाली हिरवंगार पाणी, वर बारीक पाऊस. वाट अरुंद होती. तो काही न बोलता दरीच्या बाजूला झाला आणि मला आतल्या बाजूने चालू दिलं. एवढंच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही प्रेरणाबद्दलही बोलायचो. त्या दिवसापासून मी हिरव्या बांगड्या घालत नव्हते. माझे रिकामे हात त्याच्या लक्षात आले होते, पण त्याने कधी विचारलं नाही. मला तो आवडतो हे मला कळून चुकलं होतं. बोललो मात्र दोघंही नाही. घाई कशाची, असं वाटायचं.

गजेंद्र, त्याची आई आणि भाऊ यांच्यावर खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकील मॅडमनी दोघांना बोलावलं. "एकमेकांना ओळखता का?" त्यांनी सहज विचारलं आणि आमचे चेहरे पाहून हातातलं पेन खाली ठेवलं.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "डोक्याचा मार विहिरीच्या दगडाचाही असू शकतो, असं डॉक्टर म्हणतात. सगळी भिस्त त्या ओल्या सारवणावर आहे, म्हणजे तुमच्यावर. तुमची ओळख पंचनाम्यानंतरची आहे. विचारलं तर खरं सांगा, काही बिघडत नाही. लपवलंत तर सगळं बिघडेल. आणि साक्ष होईपर्यंत भेट नको, फोन नको."

आम्ही बोलणं थांबवलं. बसस्थानकावरचा बाक रिकामा दिसायचा आणि मला उगाच त्या बाकाचाच राग यायचा.

साक्षीच्या चार-पाच दिवस आधी गजेंद्रच्या भावाने मला फाट्यावर गाठलं, तो जामिनावर बाहेर होता. त्याच्या मोबाईलवर आमचा फोटो होता. लोणारचा. "कोर्टात म्हण, काही आठवत नाही," तो शांतपणे म्हणाला. "नाही त हा फोटो तुह्या बापाले दाखवतो. मंग पाहू, कशी वकील होते त."

माझ्या बाबांना, अर्जुनरावांना, तो बरोबर ओळखून होता. 'नाव राखशील तर शिकवीन' एवढ्याच अटीवर त्यांनी मला बुलढाण्याला पाठवलं होतं. प्रसेनजितशी बोलायची बंदी होती, बाबांना सांगायची हिंमत नव्हती. साक्षीच्या आदल्या रात्री उशी भिजवली आणि सकाळी बाबांबरोबरच मेहकरच्या कोर्टात गेले. मुलीला एकटीला कोर्टाची पायरी कशी चढू द्यायची, म्हणून ते आले होते.

एकाची साक्ष चालू असताना दुसरा साक्षीदार आत थांबत नाही. प्रसेनजित बाहेर व्हरांड्यात होता. मी पिंजऱ्यात उभी राहिले आणि सारवण, बांगड्या, केस, सगळं सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले.

"दुसऱ्या पंचाला ओळखता?"

"हो. पंचनाम्याच्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नंतर भेटत गेलो."

"कशासाठी?"

समोर मागच्या बाकावर बाबा होते. त्यांच्या पलीकडे वच्छलाबाई. पण एक सांगते, त्या क्षणी खोटं बोलणं मला जमलंच नसतं. त्या बाईने माझा हात धरला होता.

"माझं प्रेम आहे त्यांच्यावर," मी म्हटलं.

न्यायाधीशांनी ते टायपिस्टला सांगितलं, त्याने बडवलं. ज्याला सांगायचं त्याच्याआधी अख्ख्या कोर्टाला कळलं. मी बाबांशेजारी जाऊन बसले. ते माझ्याकडे वळले नाहीत, उठूनही गेले नाहीत.

प्रसेनजित आत आला. त्यानेही पाहिलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग तोच प्रश्न आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्याशेजारी बसलेल्या बाबांकडे पाहिलं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "पंचनाम्याच्या दिवशी पाह्यलं, तेवढंच. मंग भेट नाही."

आरोपीचे वकील पुढे काहीच न विचारता खाली बसले. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. जो पंच शपथेवर खोटं बोलतो, त्याचं ओलं सारवण तरी खरं कशावरून?

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. "काऊन?"

"तुह्ये वडील बसले होते... मले वाटलं, तुही अब्रू—"

"मी सांगून आली ना आतमंदी! सगळं सांगून आली."

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तेवढ्यात वच्छलाबाई जवळ आली. आवाज न चढवता तिने विचारलं, "ओळख नाही म्हणला तू, बापू. मंग माह्या पोरीच्या घरात जे पाह्यलं, ते बी नाही पाह्यलं का?"

 प्रसेनजित सरळ वकील मॅडमकडे गेला. "मले पुन्हा उभं करा."

"शपथेवर खोटं बोललो, हे स्वतः कबूल करणार?" मॅडम म्हणाल्या. "तुमची लेखी झाली, मैदान झालं. मुलाखत तोंडावर आहे. फौजदारकी विसरावी लागेल."

"हाव," तो म्हणाला.

मॅडमच्या अर्जावर त्याला परत बोलावलं गेलं. तेव्हा का खोटं बोललात, असं न्यायाधीशांनी विचारलं. "साहेब, तिचे वडील समोर होते. माह्यं प्रेम आहे तिच्यावर, म्हणून भ्यालो," तो म्हणाला. "पण सारवण ओलं होतं, साहेब. त्यात बांगड्या होत्या." मी खाली मान घालून ऐकलं. इतकी वाट पाहिलेलं वाक्य कानावर पडलं ते असं, आणि मला रडू आलं ते प्रेरणासाठी की त्याच्यासाठी, कळलं नाही.

गजेंद्रला शिक्षा झाली. त्याची आई आणि भाऊ संशयाचा फायदा मिळून सुटले. प्रसेनजितवर खोट्या साक्षीची केस लागली, ती अजून चालू आहे. फौजदारकी गेली. तो आता मेहकरला मामाच्या सिमेंटच्या दुकानात बसतो. बाबा माझ्याशी कित्येक महिने बोलले नाहीत. फोटोचं भय मात्र संपलं होतं, आणि एके दिवशी जेवताना बाबा आपणहून म्हणाले, "पोरगं भ्यालं खरं. पण माघारी आलं." आमच्या घरात होकार याहून गोड शब्दांत देत नाहीत.

लग्न ठरल्यावर आम्ही दोघं वच्छलाबाईकडे गेलो. तिने सतरंजी टाकली, पाणी दिलं. अक्षता टाकायला या म्हटलं तशी ती आमच्यासमोर बसली.

"पोरी," ती म्हणाली, "प्रेरणाचा फोन ये. आई, मले मारते म्हणे. मी म्हणो, थोडं सोस माय, होईल बरोबर." तिने पदराने तोंड पुसलं. "तुले असं कोणी म्हणलं, तुही आई म्हणो का मी म्हणो, त ऐकू नको. पहिल्याच दिवशी निघून ये."

"मावशी, मी तसा..." प्रसेनजित बोलू लागला.

"तुले नाव नाही ठेवत, बापू. गजेंद्र बी लग्नाआधी इथंच बसला होता. याच सतरंजीवर."

मी म्हटलं, "येईन, मावशी. पहिल्याच दिवशी येईन." वच्छलाबाईने मान हलवली आणि चहा ठेवायला उठली.

निघताना तो दारात थांबला. वर न पाहताच म्हणाला, "दार उघडं ठेवजा, मावशी. हिच्यासाठी."