सदतीसवर थांबलेला आकडा

ही घटना खरी आहे. माझा भाचा शहादेव थापा मारत नाही. आमच्या घराण्यात ते खातं माझ्याकडे आहे.

तारीख अकरा मे २०१६. वडवणीपासून दोन कोसांवरचं बरड. भर दुपार.

अणुभट्टीतला कचरा जमिनीखाली पुरला, तर त्याची धग भोवतालच्या कातळात कशी पसरेल, याचं गणित शहादेव मांडत होता. कचरा इथे येणार नव्हता. पुण्याच्या एका खासगी कंपनीला फक्त कातळ तापवून पाहायचा होता. मधल्या भोकात विजेचा हीटर. भोवती चार भोकं, प्रत्येकात साठ फूट खोल सोडलेला तापमापक.

गावाला प्यायला आठवड्यातून एक टँकर, आणि जमीन तापवायला चोवीस तास जनरेटर. गावाने काही विचारलं नाही. गावाला सवय आहे.

तीन भोकांनी गणिताबरहुकूम आकडे दिले. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस.

चौथ्याने मात्र...

सदतीस.

त्या भोकात कातळाऐवजी मुरमाचा भराव लागला होता. शहादेवने भरावाचं गणित वेगळं मांडलं. तरी सदतीस.

तापमापक बदलला. सदतीस.

दोन दिवस हीटर बंद ठेवला. बाकीचे आकडे उतरले. चार नंबर...

सदतीस.

मातीचं तापमान असं एका जागी थांबत नाही. असं थांबतं ते फक्त... शहादेवने तो विचार तिथेच सोडला.

त्याने चौथ्या भोकातून वर आलेल्या पाइपाला कान लावला.

ठक्... ठक्.

मग शांतता. मग पुन्हा दोन.

"दोनदाच वाजतंय ना, लेकरा?"

मागे कडूबाई उभी होती. साठी उलटलेली, रोज तिथे शेळ्या चारायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"दोन ठोके म्हंजी वर घ्या. हिरीत उतरलेला मानूस पहारीनं वाजवतो."

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या सोसायटीने तिथे विहीर खोदायला घेतली होती. तळाशी तिचा नवरा धुळाजी होता. दरड कोसळली. दोन दिवस ठोके येत होते. पण विहीर कागदावर शंभर फूट होती, आणि जमिनीत साठ. धुळाजीला काढायला सरकारी माणसं आली असती, तर मोजायची फीतही आली असती. तेव्हाचे चेअरमन विठ्ठलराव. त्यांनी विहीर बुजवली. कागदावर तिला गोडं पाणीही लागलं.

आणि धुळाजी ऊसतोडीला गेला, तो परत आला नाही. हेही कागदावर.

शहादेवने कंपनीला फोन केला. साहेब म्हणाले, "चार नंबर बिघडलाय. गणितातून वगळ. तापमापक आतच राहू दे, भोकं सिमेंटने बंद कर."

अकरा तारखेला सिमेंट आलं. जमीन सोसायटीची, आणि सोसायटी अजून त्यांच्याच हातात, म्हणून विठ्ठलरावही आले. पंचाहत्तरीचे, छत्री घेऊन.

"काका, आधी उकरून बघू," शहादेव म्हणाला.

"कावून? बुकात लिवलंय की. ऊसतोडीला गेलता त्यो."

"कोयता घरी ठिवून?" कडूबाई कडाडली. "चव्वेचाळीस वर्सं त्यो कोयता माज्या आढ्याला हाय! ऊस काय दातानं तोडायला गेलता?"

"म्हातारे, शेळ्या बघ तुज्या."

ती शहादेवकडे वळली. "आकडा किती हाय?"

"सदतीस."

"जित्या मानसाचा असतो, त्यो?"

शहादेवने मान डोलावली.

"मंग जित्या मानसावर सिमीट वतता व्हय रे, मुडद्यांनो?"

विठ्ठलरावांनी छत्रीनेच मजुरांना खूण केली.

ओतलं.

ठक् ठक्. ठक् ठक्. ठक् ठक्. घाईघाईने... पाइपाला कान न लावताही ऐकू येणारे.

मग काहीच नाही.

बारा वाजून वीस मिनिटं.

सिमेंट घट्ट होताना तापतं. आकडा चढायला हवा होता.

छत्तीस...

पस्तीस...

कडूबाई आकड्याकडे बघत राहिली. मग तिने पाइपावर हात आपटून बांगड्या फोडल्या. पदराने कुंकू पुसलं.

"आज मेला त्यो. इठ्ठल्या, तू मारला. लिव आता तुज्या बुकात."

विठ्ठलराव गाडीत जाऊन बसले. काच वर केली.

दुसऱ्या दिवशी चार नंबर भोवतालच्या कातळाइतका थंड झाला. कंपनीचं पत्र आलं: चारही आकडे आता गणिताशी जुळतात, अभिनंदन.

शहादेवने नोकरी सोडली, पण गणित सुटेना. आकडा उतरला तो का? त्याने ओल घालून पाहिली, पोकळी घालून पाहिली. उतरत्या आकड्यांच्या रेघेशी गणिताची रेघ जुळेना. शेवटी चिडून त्याने गणितातून भरावच काढला, आणि तिथे माणूस घातला. वजन पन्नास किलो. मृत्यू दुपारी बारा वीस.

रेघेवर रेघ बसली.

तो कागद त्याने माझ्याकडे आणून दिलाय. कडूबाईला दाखवायचा का, असं विचारतो.

कागद अजून माझ्याच खणात आहे...