सातला थांबलेली मिल

फोन पोलीस ठाण्यातून होता. "बेबीनंदा? तुझ्या भावानं माणूस मारलाय. मिलवर ये, जल्दी."

क्लासमधली पोरं कॉम्प्युटरपुढं तशीच टाकून ती एमआयडीसीत पोचली. रोलिंग मिलमध्ये बद्रीनाथ मिस्त्री अजून तिथंच पडला होता. तापलेली सळई त्याला कमरेपाशी वेढून चिरत आत गेली होती. जळक्या मांसाचा वास नाकातून जाईना. भिंतीला धरून ती भडाभडा ओकली.

फौजदार पुंजारामनं तिच्या भावाला, कडूबाला, बेड्या घालून त्याची गचांडी धरली होती. मारून मारून त्याचं तोंड फोडलं होतं.

"सळई अडकली की मिल बंद करायची, हे याचं काम. यानं केली न्हाई. कालच मिस्त्रीशी भांडला होता. सरळ खून हाय!"

"दाबलं, साहेब! तीनदा बटण दाबलं!" कडूबा हंबरडा फोडून म्हणाला.

जुना खटका जळाल्यापासून मिल कॉम्प्युटरवरूनच थांबायची, आणि तो प्रोग्राम बेबीनंदानंच बसवलेला. भाऊ फासावर जायचा, तोही आपल्याच कामापायी! ती केबिनमध्ये जाऊन कॉम्प्युटरपुढं बसली.

प्रोग्राम सुट्या तुकड्यांचा होता. मिल थांबवणारा तुकडा गरज पडेल तेव्हाच बोलावला जायचा, आणि त्याला एक छोटी फाइल लागायची. त्या फाइलच्या जागी त्याच नावाची जुनी, निकामी फाइल बसली होती. तिनं ते मोठ्यानं सांगितलं.

दारात सुपरवायझर शिवाजी उभा होता. तिच्याच क्लासला शिकलेला.

"काल मी लेबलं छापायचा प्रोग्राम टाकला, मॅडम. त्यानं बदलली असंल. चुकी झाली."

असं व्हायचं खरं. एका प्रोग्रामनं दुसऱ्याची फाइल पुसायची, हे त्या काळी रोजचंच रडगाणं. पुंजारामनं विचारलं, "म्हंजे अपघात?"

"थांबा, साहेब. शिवाजी, आज मिल थांबवून बघितली होती?"

"रोजच बघतात. सकाळी सातला कडूबा मिल थांबवून दाखवतो, मंगच मिस्त्री काम चालू करू द्यायचा. आजबी थांबली. सगळ्या पाळीनं पाह्यलं."

"त्यानंतर इथं कोण होतं?"

"कडूबा चहाला गेल्ता, तेवढा वेळ मीच. पण कॉम्प्युटरला कुणी हात लावला न्हाई. बिलकुल न्हाई."

बेबीनंदा उठली.

"साहेब, फाइल काल बदलली असती तर सातला मिल थांबलीच नसती. आणि एकदा बोलावलेली फाइल प्रोग्राम चालू असेस्तोवर बदलता येत न्हाई. म्हंजे सातनंतर कुणीतरी प्रोग्राम बंद केला, फाइल बदलली अन् परत चालू केला. चालू होताना तो गप राहतो, कारण ही फाइल त्याला तेव्हा लागतच न्हाई. हे मीच शिकवलं या शिवाजीला! कडूबाला बटण दाबण्यापलीकडं काही येत न्हाई. सळई दिवसातून दोनदा तरी अडकते, आणि सोडवायला मिस्त्रीच पुढं जातो. हे याला बराबर ठाऊक."

शिवाजीनं भिंतीला टेकवलेला, सळया धरायचा लोखंडी सांडसा उचलला आणि तिच्यावर घातला. खांदा कडकन वाजला. दुसरा घाव पडायच्या आत पुंजारामनं त्याचं डोकं टेबलावर आपटलं.

"मिस्त्री मालकाला सांगणार होता, मुडदा!" शिवाजी रक्त थुंकत ओरडला. "एका मजुराचा हात मी मोडला म्हणून!"

कडूबाच्या बेड्या निघाल्या. शिवाजीनं खांदा मोडला होता, तरी बेबीनंदानं दुसऱ्या हातानं भावाला धरलं.

"घरी चल, दादा."

"आधी बद्रीनाथच्या घरी ने," कडूबा म्हणाला. "गोजरबाई मलाच शिव्याशाप देऊन राह्यली. नवरा कोणी मारला ते तू सांग तिला. माझं ती ऐकायची न्हाई."