गुडघ्यांमधली उशी

ढबूला बालवाडीतून स्वतःच्या पायांनी जाऊन घरी आणायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी ऑपरेशनला तयार झाले. ढबू म्हणजे माझी चार वर्षांची लेक. माझा उजवा खुबा आतून पार खराब झाला होता. तो काढून धातूचा बसवला.

वॉर्डातली सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाली, "पायावर पाय टाकायचा नाही हं. सांधा निसटेल. झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी हवीच. दीड महिना."

मी मुळात घाबरट. झोपेत उशी सरकली तर? डोळाच लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायला आलेली माणसं गेली. पडदे ओढले. पंखा तेवढा कुरकुरत होता. मला गुंगी आली, आणि गुंगीतच कळलं की उशी निसटली. पाय हलवायचीही भीती वाटली. तेवढ्यात गुडघ्याला गार बोटं लागली. कुणीतरी पाय अलगद सरळ केला, उशी आत सारली आणि तिच्यावर दोन थापा मारल्या. थप... थप. ओल्या फरशीसारखा वास आला. इतकं बरं वाटलं की मी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

संध्याकाळी सिस्टरला म्हटलं, "दुपारी उशी नीट केलीत, बरं झालं."

"मी? मी तर जेवायला गेले होते."

"मग मावशींनी..."

"मावशी आज रजेवर आहेत."

असेल कुणीतरी, म्हटलं.

घरी आले तरी तेच. रोज दुपारी. मला वाटलं, सासूबाई. म्हटलं, "आई, किती करता माझं!"

"मी नाही गं बाई! तुझ्या त्या लोखंडी पायाजवळून जायचीसुद्धा धास्ती वाटते मला."

हे हसून म्हणाले, "घोरता घोरता केलं असेल आईने."

मग मी विचारायचंच सोडलं. खरं सांगू? त्या दोन थापा बसल्या की मला गाढ झोप लागायची. कुणी का असेना, माझा पाय सांभाळत होतं.

दीड महिन्याने डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "सांधा अगदी जागेवर आहे. आता उशी बंद."

काल काठी टेकत बालवाडीत गेले. ढबू धावत आली. "आजी नाही? तूच?"

"मीच."

वाटेत तिने माझं बोट धरलंच नाही, काठी धरली. "हिला मी चालवते," म्हणाली. सगळा रस्ता मला हसू आवरेना.

सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. मी दाराला आतून कडी घातली. उशी सकाळीच कपाटात कोंबली होती. दोघी आडव्या झालो. किती दिवसांनी लेक कुशीत आली होती!

झोप लागता लागता ओल्या फरशीचा वास आला. मला हसूच आलं. मनात म्हटलं, आता नको गं, बरी झाले मी.

थप... थप.

पण माझ्या पायाला काहीच लागलं नव्हतं...

डोळे उघडले. दाराची कडी तशीच होती. ढबू शांत झोपली होती. तिचे पाय सरळ केलेले, आणि इवल्याशा गुडघ्यांच्या मध्ये ती उशी नीट बसवलेली.

मी तिच्या उजव्या गुडघ्याला हात लावला. गार होता.