कारण सापडलं नाही

शिडीवर चढलेल्या माणसाला आपली भाषा कळते हे आधी ठाऊक असतं, तर ती इतकं मनमोकळं बोलली नसती. निदान आवाज तरी खाली ठेवला असता.

सकाळचे साडेदहा वाजले होते. तिच्या हातातलं मेण तिसऱ्यांदा तडकलं होतं आणि खोली गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचा मेकॅनिक छताजवळच्या पाइपाला कान लावून निवांत उभा होता. ती खाली मान घालून, बोटांवर फुंकर मारत, आपल्या भाषेत स्वतःशीच बडबडत होती. पाइपात काय गाणं लागलंय का, इथे माझी बोटं गळून पडायची वेळ आली तरी याला काही घाई म्हणून नाही, नुसतं दिसायला बरं असून भागतं का माणसाचं...

"गाणं नाही," शिडीवरून तिच्याच भाषेत सावकाश उत्तर आलं. "पाण्यात हवा अडकली की गुडगुड होते, ती ऐकतोय. आणि... शेवटच्या वाक्याबद्दल आभारी आहे."

तिने जीभ चावली. पण जीभ चावून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती.

"आभार नंतर माना," ती म्हणाली. "आधी खोली गरम करा."

तो हसला. दोन पायऱ्या खाली उतरून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं – दोन स्वेटर, त्यावर पांढरा कोट, गळ्याला मफलर, आणि या सगळ्यातून बाहेर डोकावणारं एक लालबुंद नाक. या देशात येऊन तिला पाच आठवडे झाले होते. त्याला नऊ वर्षं. हे दोन्ही हिशेब त्या दहा मिनिटांत उरकले, आणि गंमत म्हणजे तेवढ्यात खोलीही गरम झाली. त्याने तापमान मोजलं, बावीस अंश. पाइपात हवा नव्हती, पंप ठीक होता, कुठे काही बिघडलेलं नव्हतं. त्याने आपल्या कागदावर लिहिलं, 'कारण सापडलं नाही', आणि शिडी उचलून तो गेला. अर्ध्या-पाऊण तासात खोली पुन्हा गारठली.

ती दातांच्या कॅप बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येत, त्यावरून प्लास्टरचा जबडा तयार होई, आणि त्यातला नसलेला दात ही मेणात कोरून काढी. पुढचं भट्टीचं काम दुसऱ्या खोलीतले लोक करत. मायदेशी आठ वर्षं तिने हेच केलं होतं आणि तिच्या हातचा दात खऱ्या दातांत मिसळून जातो, शोधून सापडत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणत. इथे मात्र तीन महिन्यांची परीक्षा होती. त्यात उतरली तर नोकरी पक्की. नाहीतर परत येईन, असं आईला सांगूनच ती निघाली होती.

बाहेरच्या थंडीची तिने जय्यत तयारी केली होती. कानटोपी, बूट, गुडघ्याखाली येणारा कोट. बाहेरच्या थंडीने तिला काही त्रासही दिला नाही. दगा दिला तो घरातल्या थंडीने. जन्मभर उकाड्यात राहिलेल्या माणसाला वाटतं, दार लावलं की थंडी बाहेर राहते. इथे दार लावलं तरी थंडी आपली खुर्ची ओढून शेजारी बसलेली. अंथरूण गार, टॉवेल गार, सकाळी हातात घेतलेला चमचासुद्धा गार. तिची घरमालकीण, एक निवृत्त शाळामास्तरीण, अठरा अंशांत अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून पुस्तक वाचत बसायची, आणि हीटर वाढवायचा विषय काढला की खुंटीवरच्या स्वेटरकडे बोट दाखवायची. आई फोनवर म्हणे, अगं हीटर लाव की. हीटर लावूनच एवढं आहे, हे आईला पटवता पटवता तिने शेवटी हात टेकले.

घरी एकवेळ चाललं असतं. पण मेणाला कोण समजावणार? गारठ्यात ते ठिसूळ होतं, कोरणी लावली की कोपरा उडतो, आणि अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात जाते.

म्हणून तक्रार गेली, आणि तो पुन्हा आला. मग पुन्हा. दर वेळी तेच. तो शिडी घेऊन दारात उभा राहिला, की नियमाप्रमाणे सगळ्यांनी कोरण्या तापवायचे टेबलावरचे स्पिरिटचे दिवे विझवायचे. छतावर काम चालू असताना खाली उघडी ज्योत नको, असं दारावर लाल अक्षरांत लिहिलंच होतं. तो इकडे तिकडे तपासणार, पंधरा मिनिटांत खोली उबदार होणार, तो डोकं खाजवत निघून जाणार, आणि मागोमाग ऊबही जाणार. पलीकडच्या टेबलावर दातांना पॉलिश करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना आजोबा म्हणत. आजोबांनी तिसऱ्या वेळी जाहीर करून टाकलं, की या मुलाला इथेच एक खुर्ची द्या, हीटर हवाय कशाला. सगळी खोली हसली. तिचं नाक आधीच लाल असल्यामुळे बाकीचा चेहरा कधी लाल झाला ते कोणाला कळलं नाही.

हात रिकामे असले की तो तिला थंडी शिकवायचा. बोटं झाकू नका, मनगटं झाका, रक्त तिथून जातं. स्टुलाच्या लोखंडी पायावर पाय टेकवू नका, खाली पुठ्ठा घाला. आणि मेणाची पट्टी टेबलावर ठेवूच नका, कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेने नरम राहते.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" तिने विचारलं.

"कोणीच नाही. पहिल्या वर्षी आंघोळीनंतर न्हाणीघरात उभा राहून... रडलो होतो मी. खरंच. मग एकेक गोष्ट सापडत गेली."

"आणि आता?"

"आता थंडी वाजत नाही. पण नऊ वर्षांत कुणी माझ्यावर आपल्या भाषेत डाफरलं नव्हतं... तेवढी एक उणीव होती."

ती मान खाली घालून दात कोरू लागली. दाढेचा एक उंचवटा तिने त्या दिवशी उगाचच दोनदा कोरला.

त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या दिव्यातलं स्पिरिट संपलं. नवी बाटली दुपारी येणार होती, म्हणून सकाळभर तिने दिव्याशिवाय होणारी कामं केली. दहाच्या सुमारास आजोबांनी स्वेटर काढला. अकराला कुणीतरी खिडकी किलकिली केली. दुपारी बाटली आली, तिने दिवा पेटवला, आणि थोड्याच वेळात भिंतीकडेच्या हीटरची टिकटिक बंद पडलेली तिला ऐकू आली.

तिने वर पाहिलं. दिव्याच्या बरोबर वर, दोन वीत अंतरावर, भिंतीवर एक पांढरी डबी होती. खोलीचं तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारी डबी. दुसऱ्याच आठवड्यात खिडकीचं वारं लागतं म्हणून तिने आपलं टेबल या भिंतीला सरकवलं होतं. बिचारी डबी दिव्याची धग खाऊन समजत होती, की खोलीत कडक ऊन पडलंय. खोली गार म्हणून ही दिवा मोठा करणार, आणि दिवा मोठा केला की खोली आणखी गार. केसाएवढी चूक नुसत्या नजरेने पकडणारी बाई पाच आठवडे स्वतःच्याच दिव्याने कुडकुडत होती.

तिने दिवा वीतभर डावीकडे सरकवला. टिकटिक सुरू झाली. झालं, प्रश्न सुटला.

आता शहाण्या माणसाने काय करावं? उठावं, प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंना सांगावं, आणि विषय संपवावा. ती उठलीही. मग तिच्या लक्षात आलं की विषय संपला म्हणजे शिडीही संपली. ती परत बसली.

त्यानंतर त्या खोलीतली थंडी फार वक्तशीर झाली. आठवडाभर खोली छान राही, तिचं कामही सुरेख होई, आणि मंगळवारी सकाळी दिवा हळूच मूळ जागी जाई. बुधवारी तो शिडी घेऊन हजर. आजोबा बिचारे मंगळवारी स्वेटर घालत आणि बुधवारी काढत. तिला त्यांच्याकडे पाहून अपराधी वाटे, पण बुधवार उजाडला की ते वाटणं कमी होई. प्रेमात पडलेली माणसं साधी असतात असं कोणी म्हणत असेल तर त्याने तिचा मंगळवार पाहायला हवा होता.

तोही बुधवारी काही फार कसून तपासताना दिसत नव्हता. पाइपावर एक टिचकी मारायची, कागदावर 'कारण सापडलं नाही' लिहायचं, आणि मग शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून तिच्याशी बोलायचं. एकदा त्याने विचारलं, तीन महिने झाले की परत जाणार का. ती म्हणाली, ते अजून ठरायचंय. त्याने पाइपावर आणखी एक टिचकी मारली. मग म्हणाला, "ठरवताना... थंडी हे कारण धरू नका. ती सवयीची होते."

"मग कोणतं धरू?"

"ते मी शिडीवर बसून कसं सांगू," तो म्हणाला आणि खाली उतरला.

आठव्या खेपेला तो एकटा आला नाही. बरोबर त्याचा साहेब होता, हातात सातही कागद घेऊन. मुख्य बाईही येऊन उभ्या राहिल्या. साहेबाने सगळ्यांसमोर त्याला विचारलं, की सात वेळा येऊन ज्याला एका खोलीचा दोष सापडत नाही, त्याला या इमारतीवर का ठेवावं. सोमवारपासून इथे दुसरा माणूस येईल. तो मान खाली घालून उभा होता. माझंच लक्ष कमी पडलं, एवढंच तो म्हणाला.

तिच्या परीक्षेचे आठ दिवस राहिले होते. आता तोंड उघडलं तर काय होईल हे तिला पक्कं माहीत होतं. मुख्य बाई तिच्यापासून चार हातांवर होत्या. न उघडलं तर काय होईल, तेही माहीत होतं. तो निमूटपणे शिडी उचलेल, आणि ती आयुष्यभर दुसऱ्यांचे दात दुरुस्त करत स्वतःचे ओठ चावत बसेल.

तिने काडी ओढली आणि दिवा पेटवला. शिडी उभी असताना दिवा पाहून मुख्य बाई काही बोलणार, तोच तिने हात वर केला आणि सगळ्यांना पाच मिनिटं थांबायची विनंती केली. मग हीटरची टिकटिक बंद झाली. तिने दिवा वीतभर बाजूला घेतला, एका पुठ्ठ्याने डबीला वारा घातला, आणि काही वेळाने टिकटिक पुन्हा सुरू झाली.

"कारण हे आहे," ती म्हणाली. "आधी चुकून झालं. मला कळलं त्याला महिना होऊन गेला. त्यानंतर मी मुद्दाम केलं."

साहेबाला समजेना. मुद्दाम का, त्याने विचारलं.

दोन स्वेटर घातलेली ती बाई ताठ उभी राहिली. "कारण हे यावेत असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "मला ते आवडतात. दुसरं कारण नाही. त्यांच्या कामात खोट नाही, खोट माझ्यात आहे, तसं कागदावर लिहा."

आजोबांच्या हातातलं पॉलिशचं यंत्र नुसतंच फिरत राहिलं. मुख्य बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कोरड्या आवाजात त्यांनी सांगितलं की तिचं टेबल आजच्या आज खिडकीपाशी, वाऱ्यात जाईल, आणि ते तिथेच राहील. आणि दारातून जाता जाता, जणू आठवलं म्हणून, त्या म्हणाल्या की पक्कं केल्याचं पत्र त्यांनी सोमवारीच सही करून ठेवलंय, ते फाडायचा त्यांना कंटाळा आलाय. साहेबाने सातही कागद मेकॅनिकच्या हातात कोंबले, डबी समोरच्या भिंतीवर हलवायला सांगितली, आणि स्वतः बाहेर पडला. बाहेर पडल्यावर त्याचं हसू दारातून आत ऐकू आलं.

तो डबी काढायला शिडीवर चढला. तिने खालून शिडी धरली. धरायची काही गरज नव्हती.

"मला ठाऊक होतं," तो वरून हळूच म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"चौथ्या वेळी डबीला हात लावला. खालून गरम लागली. तुम्हाला सांगणारच होतो... पण टेबलाकडे पाहिलं. टेबलावर दिव्याचे दोन गोल डाग होते. एक डबीखाली, एक वीतभर डावीकडे. म्हटलं, ज्या बाईला दिवा कुठे ठेवायचा हे नीट कळलंय, ती मला कशाला बोलावतेय?"

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. आणि बुधवार गेला असता."

शिडीच्या दांडीवर त्याचा हात होता, त्यावर तिने आपला ठेवला. तिची बोटं गार नव्हती, आणि हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. समोरच्या भिंतीवर डबी लावून होईपर्यंत आजोबांनी मोठ्या सौजन्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"झालं," तो शेवटी म्हणाला. "या खोलीतलं माझं काम संपलं."

"माझ्या घरच्या खोलीत आहे," ती म्हणाली. "रविवारी सकाळी ये."

तिने 'ये' म्हटल्याचं त्याच्या कानाने टिपलं. तरी सवयीने त्याने खिशातून कोरा कागद काढला, पेन्सिल जिभेला लावली आणि विचारलं, "तिथे काय बिघडलंय?"

"काहीच नाही. म्हणून शिडी आणू नकोस."

त्याने कागद घडी करून परत खिशात ठेवला.