दारातला दिवा

त्या दिवशी आभाळ राखेच्या रंगाचं होतं आणि वारा अगदी पडलेला. दुपारपर्यंत हातातली खुर्ची विणून झाली. हात धुतले आणि रोजच्यासारखा मुलाच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावला.

मी खुर्च्यांना वेत विणणारा माणूस, अक्षर ओळखत नाही. मुलगा सहा वर्षं अंथरुणाला खिळून होता. त्या कॉम्प्युटरात त्याचं एक गाव होतं. लांबलांबची खरी माणसं तिथे बाहुल्यांच्या रूपाने राहायची, एकमेकांचं दुखलंखुपलं विचारायची. मी आपला म्हणायचो, पोरखेळ.

तो गेला, आणि तिसऱ्या दिवशी मी त्याचा हेडफोन कानाला लावला. पलीकडून एक बाई म्हणाली, "दादा कुठेय हो? मी त्याची शेजारीण. सगळ्यांना घोर लागलाय."

गेला, हे काही माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, "परगावी गेलाय."

"मग घर तुम्ही सांभाळा, बाबा. सलग सात संध्याकाळी दारात दिवा दिसला नाही, तर घर आपोआप विरून जातं. आणि दिवा घरच्यांनीच लावायचा. आमचा हात चालत नाही."

तिनेच मला पांढऱ्या केसांची बाहुली मिळवून दिली, दिव्याचं बटण सांगितलं; लावायचं तेच, विझवायचंही तेच. मी त्यावर लाल दोरा चिकटवला. मुलाचं एवढंच घर उरलं होतं जगात.

रोज दुपारी बसायचो. खोलीत त्याच्या मलमाचा वास दाटलेला. बंद कॉम्प्युटर हाताला कोमट लागायचा. उन्हाने असेल म्हणायचो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, पडद्यावर नुसता धुरळा. बटण दाबायचो, टक् वाजायचं, की हेडफोन काढून निवांत उठायचो. असे दोन आठवडे गेले.

त्या दिवशी मात्र टक् वाजलंच नाही.

"पोरी… घर कुठंय?"

"काल संध्याकाळी विरलं, बाबा."

"असं कसं? रोज दाबत होतो की मी."

कानात कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

मग मला राहवेना. म्हटलं, "माझा पोरगा गेलाय गं. तुम्हाला खोटं सांगितलं. तेवढं घर तरी राहावं म्हणून…"

मग ती अगदी हळू बोलली.

"असं अभद्र बोलू नका, बाबा. परगावाहून परतल्यापासून सात दिवस दादा रोज सकाळी येतो, दिवा लावून दारात उभा राहतो… दुपारी तुम्ही येता, त्याच्यासमोर दिवा विझवता आणि निघून जाता. तो मागून हाका मारतो, तुम्ही वळूनही बघत नाही. आम्ही म्हटलं, बापलेकांचं आहे, मध्ये कशाला पडा… काल घर विरलं, तेव्हाही तो आतून तुम्हालाच बोलावत होता."