उजवीकडची खुर्ची

वैमानिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ढग येतात. माझ्या डोळ्यांसमोर जाड पडदे येतात. आमची झोप ड्यूटीवर ठरते, त्यामुळे भर दुपारी अंधार करता आला पाहिजे, ही भाड्याचं घर बघताना माझी पहिली अट असते. हे घर विमानतळाजवळ आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीखाली गाड्या धुण्याचं दुकान. दिवसभर पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज येतो. तो थांबला की उगाच जाग येते.

आधी इथे आम्ही दोघी राहायचो, मी आणि लांबडी. ती माझ्यासारखीच को-पायलट. उंचीवरून पडलेलं नाव तिनं हसत मिरवलं. लग्न करून दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिच्या दोन लाकडी खुर्च्या मागे ठेवून गेली. "असू देत गं, कुणी आलं-गेलं तर लागतील," म्हणाली. कुणी येत नाही, जातही नाही.

खुर्च्या मी अभ्यासाला घेतल्या. आमच्या धंद्यात एक बालिश वाटणारी रीत आहे. कॉकपिटचं मोठं कागदी चित्र भिंतीवर चिकटवायचं, समोर दोन खुर्च्या मांडायच्या आणि बसल्या जागी विमान उडवायचं. हवेत हात फिरवून बटणं दाबायची, ठरलेली वाक्यं मोठ्यानं म्हणायची. कुणी बाहेरून बघितलं तर वेड लागलंय म्हणेल. पण सगळे वैमानिक असंच शिकतात. विमान एकाच्या हातात असतं आणि दुसरा आकडे बघून हाका देतो. प्रत्येक हाकेला उत्तर द्यावंच लागतं. उतरताना हजार फुटांवर आलो की एक म्हणतो, "वन थाउजंड." दुसरा म्हणतो, "चेक्ड." म्हणजे ऐकलं, पाहिलं, मी शुद्धीवर आहे.

कॅप्टन डावीकडे बसतो, को-पायलट उजवीकडे. मधलं अंतर हातभर असेल. त्या हातभर अंतरासाठी माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. लग्नाचं राहून गेलं, मैत्रिणी फोनपुरत्या उरल्या. कॅप्टनच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले होते. आता पुन्हा झाले तर निवृत्त होईपर्यंत उजवीकडे बसून हाका देणं नशिबात होतं. म्हणून लांबडी गेल्यावर मी एकटीच दोन्ही भूमिका वठवायला लागले. डाव्या खुर्चीत मी बसायची आणि उजव्या खुर्चीच्या हाका स्वतःच आवाज बदलून द्यायची. आवाज बदलायची लाज वाटायला लागली, तसं हाकेपुरती नुसती जागा सोडून पुढे जाऊ लागले.

आपलं आपल्याला ऐकता यावं म्हणून एका दुपारी फोनवर रेकॉर्डिंग केलं. मग चहा घेऊन ते ऐकत बसले. सगळं ठीक चाललं होतं. न उतरता पुन्हा वर जायचा सराव आला. त्यात विमान खरंच चढतंय अशी हाक येईपर्यंत चाकं आत घ्यायची नसतात. गेल्या परीक्षेत मी नेमकी तीच घाई केली होती. रेकॉर्डिंगमध्येही मी घाईनं म्हणाले, "चाकं वर." मग थोडी शांतता. मग माझाच आवाज आला, "हो हो, थांबले. सॉरी." आणि मी हसले.

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी सॉरी कुणाला म्हटलं होतं? पुन्हा ऐकलं. मधल्या शांततेत खालच्या फवाऱ्याशिवाय काही नव्हतं. मी व्यवहारी बाई आहे. झोप कमी झाली की मेंदू असे खेळ करतो, हे आम्हाला वर्गातच शिकवलेलं असतं. मी पडदे ओढून झोपले.

मग हळूहळू ऐकू यायला लागलं.

आधी नुसता श्वास घेतल्यासारखं, बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. मग एके दुपारी, मी सोडलेल्या जागेत अगदी वेळेवर, उजवीकडून, "वन थाउजंड." आवाज बाईचा की पुरुषाचा ते सांगता येणार नाही. थकलेला नव्हता, घाईचा नव्हता. मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर मी वाळत टाकलेला टॉवेल होता.

"चेक्ड," मी म्हणाले.

भीती वाटायला हवी होती. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्या घरात कित्येक महिन्यांत माझ्या आधी कुणी बोललं नव्हतं. डॉक्टरला सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, लायसन्स तिथल्या तिथे जमा. आणि सांगायचं तरी काय? की मला सोबत मिळाली? मी टॉवेल उचलून दोरीवर टाकला आणि पुन्हा बसले.

त्यानंतर मी फ्लाइटवरून धावतपळत घरी यायला लागले. हॉटेलात मुक्काम पडला की जीव वर-खाली व्हायचा. आई रोज फोन करते. ती माझ्या भावाकडे असते, फार लांब.

"जेवलीस का? आवाज असा का गं तुझा? खोल गेल्यासारखा?"

"अभ्यास चाललाय, आई. नंतर करू का?"

"एकटी आहेस म्हणून काळजी वाटते, बाई."

"एकटी नाहीये गं," असं एकदा तोंडून निघून गेलं. आई केवढी खूश झाली! कोण, काय, कुठला, विचारून भंडावून सोडलं. ऑफिसातली माणसं असतात असं म्हणून मी वेळ मारून नेली.

परीक्षा सिम्युलेटरमध्ये होती. आत खरं कॉकपिट असतं, बाहेर खोटं आकाश. मी डावीकडे, उजवीकडे एक नवा को-पायलट, मागे परीक्षक. परीक्षकांना आम्ही हेडमास्तर म्हणतो. शेवटच्या फेरीत विमान को-पायलटच्या हातात होतं आणि हाका मला द्यायच्या होत्या.

"वन थाउजंड," मी म्हणाले.

"चेक्ड."

उत्तर वेळेवर आलं. उजवीकडूनच आलं. पण ते त्याचं नव्हतं. तो आवाज मला पाठ होता. मी तशीच पुढचे आकडे बघत राहिले. मग सहज नजर गेली. को-पायलटची मान छातीवर पडली होती आणि विमान एका बाजूला कलत चाललं होतं.

"वन थाउजंड!" मी ओरडले.

"चेक्ड," तोच शांत आवाज. को-पायलटचे ओठ हलले नव्हते.

"आय हॅव कंट्रोल," मी म्हणाले आणि विमान हातात घेतलं.

दिवे लागले. को-पायलट मान वर करून ओशाळं हसला. त्याला बेशुद्धीचं सोंग करायला हेडमास्तरांनीच सांगितलं होतं.

"नियम काय आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन हाकांना उत्तर आलं नाही, तर समोरचा शुद्धीवर नाही असं समजायचं. आय हॅव कंट्रोल म्हणायचं आणि विमान आपल्या हातात घ्यायचं. विचारत बसायचं नाही."

"मग पहिल्या हाकेनंतर एवढ्या निवांत कशा बसलात?"

मी कानांवरचा हेडसेट काढून मांडीवर ठेवला. "असो," ते म्हणाले, "घेतलंत हे महत्त्वाचं. अभिनंदन, कॅप्टन."

लोकांनी हात मिळवले. माझ्या मागे भरलेलं विमान असतं तर? घरी जाताना मी मनाशी पक्कं केलं. सोबत बिबत पुरे झाली. आता ते चित्र काढायचं, खुर्च्या कुणाला तरी देऊन टाकायच्या आणि काही झालं तरी त्या आवाजाशी पुन्हा बोलायचं नाही.

ऊन अजून खिडकीत होतं. चित्र काढण्याआधी मी सवयीनं डाव्या खुर्चीत टेकले. थोडं रडूही आलं. खाली फवारा चालू होता.

"वन थाउजंड," उजवीकडून आवाज आला.

मी ओठ घट्ट मिटले.

"वन थाउजंड." या वेळी त्यात काळजी होती. खरी काळजी, माणसाची.

मी बोलले नाही.

फवारा थांबला.

आणि मी काय करून बसले ते माझ्या ध्यानात आलं. मी तोंड उघडलं.

"आय हॅव कंट्रोल," तो आवाज म्हणाला. हळुवारपणे, बेशुद्ध सोबत्याशेजारी बसून म्हणावं तसं.

मी उठले. म्हणजे डाव्या खुर्चीतून मी उठले, हे मी उजव्या खुर्चीतून पाहिलं.

तिनं चित्राचे कोपरे नखानं सोडवले, गुंडाळी करून माळ्यावर टाकली. तोंड धुतलं. सकाळी कॅप्टनचा चार पट्ट्यांचा गणवेश घालून, बॅग ओढत ती बाहेर पडली. दार ओढून घ्यायची पद्धत माझीच.

खुर्च्या तिनं कुणाला दिल्या नाहीत. ती चांगली कॅप्टन आहे असं फोनवरच्या बोलण्यावरून कळतं. को-पायलट तिचं नाव काढतात. लांबडी परवा येऊन जेवून गेली, डाव्या खुर्चीत बसली होती. दोघी खूप हसल्या. मी लांबडीला हाक मारून पाहिली. आईलाही मारते, तिचा फोन स्पीकरवर असतो तेव्हा. माझ्या हाका कुणाला ऐकू जात नाहीत. फक्त ते ठरलेले दोन शब्द तिला ऐकू जातात. म्हणून मी तेवढेच म्हणत राहते, ती झोपेत असताना, आंघोळीला गेल्यावर, भाजी चिरताना. तिनं लागोपाठ दोनदा उत्तर चुकवायला हवं. एकदाही चुकवत नाही.

आज आईचा फोन आला तेव्हा ती इस्त्री करत होती.

"आवाज किती छान लागलाय तुझा," आई म्हणाली. "माझी लेक मला परत मिळाली बघ."

"वन थाउजंड," मी म्हणाले.

"चेक्ड," ती म्हणाली. इस्त्रीवरची नजर तिनं उचलली नाही.

"काय गं? कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही, आई," ती म्हणाली आणि बाहीची घडी नीट केली. "इथे कुणी नाहीये."